ध्रुवीय बर्फावर हिम सगळीकडे सारखं का साठत नाही?

वाईकर78

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबच्या मुलखाचा आहे, पण आठवडाभर डोक्यातून जात नाहीये.

जुलै 1942 मध्ये अमेरिकेची सहा लढाऊ आणि दोन बॉम्बफेकी विमानं इंग्लंडकडे निघाली होती. हवा बिघडली म्हणून ती आग्नेय ग्रीनलंडच्या बर्फावर उतरली. माणसं सगळी वाचली, विमानं तिथेच राहिली. पुढे 1980 नंतर शोधायला गेलेल्यांची कल्पना अशी होती, की शेपट्या वर दिसत असतील, फावड्याने पंखांवरचं हिम झाडलं की झालं. प्रत्यक्षात विमानं सापडली सुमारे 80 मीटर खाली. त्यातलं एक 1992 मध्ये सुटं करून वर काढलं आणि 2002 मध्ये ते परत उडालंसुद्धा!

म्हणजे 50 वर्षांत 80 मीटर. आता दुसरीकडे अंटार्क्टिकाच्या पोटात व्होस्तोक नावाचं रशियन ठाणं आहे. तिथे वर्षभरात साठणारं हिम वितळवलं तर जेमतेम दोन सेंटिमीटर पाणी होतं म्हणे. मी दुकानाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. 50 वर्षांचं सगळं हिम भुसभुशीत धरलं तरी ते तीन मीटरच्या आसपास जातं. इकडेही बर्फ, तिकडेही बर्फ. मग 80 आणि तीन?

माझं वाईत हार्डवेअरचं दुकान आहे. मेच्या शेवटी ताडपत्रीची गाडी येते. वरच्या महाबळेश्वर भागातली गिऱ्हाइकं पंधरा दिवसांत निम्मा माल उचलतात, आणि उरलेला गठ्ठा वाईच्या गिऱ्हाइकांना गणपतीपर्यंत पुरतो. तीसेक किलोमीटरचं अंतर, पण वर साडेपाच-सहा हजार मिलिमीटर आणि आमच्याकडे सात-आठशे. त्यामुळे पहिला विचार हाच आला, की ध्रुवावरही असाच घाट असणार. पण फोटोत तर सगळं परातीसारखं सपाट दिसतं. डोंगर आहेत कुठे?

सह्यभटक

घाट आहे, आणि तो अगदी तुमच्या ओळखीचा आहे. अंटार्क्टिकाची एक लांब शेपटी दक्षिण अमेरिकेच्या दिशेने गेलेली नकाशात दिसते, ते अंटार्क्टिक द्वीपकल्प. त्याच्या कण्यावरून दीड-दोन हजार मीटर उंचीची डोंगररांग उत्तर-दक्षिण गेलीय. वारे पश्चिमेकडून समुद्रावरची ओल घेऊन येतात, डोंगर चढतात, गार होतात आणि पश्चिमेच्या अंगावर सगळं रितं करतात. तिथे वर्षाला कित्येक मीटर हिम पडतं. पूर्वेला उतरणारा वारा कोरडा आणि उबदार असतो. 6 फेब्रुवारी 2020 ला द्वीपकल्पाच्या टोकाजवळच्या एस्पेरान्झा ठाण्यावर 18.3 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, अंटार्क्टिका खंडाच्या मुख्य भूमीवरचा तो उच्चांक. तोसुद्धा अशाच डोंगर उतरून आलेल्या वाऱ्याचा प्रताप. कोकण आणि देश, दुसरं काही नाही.

तुमचं विमान पडलं ती जागाही तशीच. आइसलँडजवळ कमी दाबाचा पट्टा असतो. तिथली वादळं आग्नेय ग्रीनलंडच्या चढावर आदळतात, म्हणून त्या बाजूला सगळ्यात जास्त हिम. पश्चिमेला कांगरलुसुआकला वर्षाला दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बर्फ मिळून. ईशान्य ग्रीनलंड तर त्याहून रखरखीत.

झालं उत्तर.

डिझेलदादा

सह्यभटक, राग मानू नका, पण ‘झालं उत्तर’ एवढ्यात होत नाही. तुम्ही सांगितलंत ते हिम पडण्याचं. वाईकरांनी विचारलंय साठण्याचं. या दोन गोष्टींमधल्या फरकापायी माझी एक अख्खी रात्र आणि दुसऱ्या दिवशीची दुपार फावडं मारण्यात गेलीय.

मी शास्त्रज्ञ वगैरे नाही. डिझेल मेकॅनिक. मूळ गाव देवगडकडचं, नोकरीनिमित्त वास्कोत आलो आणि इथलाच झालो. आपल्या अंटार्क्टिक मोहिमांबरोबर तिथल्या मैत्री ठाण्यावर दोन हिवाळे काढले. जनरेटर आणि पिस्टनबुली या गाड्या माझ्या हवाली. पट्ट्यावर चालणाऱ्या, बर्फावरून स्लेज ओढणाऱ्या त्या लाल गाड्या फोटोत पाहिल्या असतील.

पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. वारा वाढणार असा निरोप आला. मी आपला कोकणातला माणूस, वादळ आलं की होडी आडोशाला ओढायची एवढं ठाऊक. बर्फावरच्या कंटेनरच्या आडोशाला, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, गाडी नेऊन लावली आणि निवांत झोपलो. मैत्रीला वारा बहुतेक आग्नेयेकडून येतो, म्हणून गाडी वायव्येला. वारा थांबल्यावर जाऊन बघतो तर गाडीचं फक्त टपावरचं पिवळं दिव्याचं टोपण वर! आणि कंटेनरच्या ज्या अंगावर वारा सरळ आपटत होता, तिथे हिम तर नाहीच, उलट कमरेइतका चर कोरलेला. आमच्यातले एक जुने गृहस्थ चहाचा मग धरून उभे होते. म्हणाले, “दादा, इथे पाऊस नाही पडत. इथे रेती वाहते.”

तेव्हा कळलं. आपल्याकडे पाऊस पडला की पडला, मग तो वाहून खाली जातो. तिकडे हिम पडलं की त्याचा प्रवास सुरू होतो. वारा ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर गेला की ताजं हिम उचललं जातं. आधी पायाच्या घोट्याशी सरपटतं, मग गुडघ्याला येतं, मग डोक्यावरून जातं. आकाश निळं असतं, ढगाचा पत्ता नसतो, आणि समोरचा माणूस दिसत नाही. जिथे वारा जोर धरतो तिथून हिम उचलतो, जिथे दमतो तिथे ओझं टाकतो. कंटेनर अडीच मीटर उंच, पण त्याच्या मागे हिमाची शेपटी वीस-पंचवीस मीटर लांब गेली होती.

आता कंटेनरच्या जागी डोंगराचं टोक धरा. मैत्रीच्या दक्षिणेला बर्फातून वर आलेले काळे कातळ आहेत, त्यांना नुनाटक म्हणतात. प्रत्येकाच्या पुढ्यात घोड्याच्या नालासारखा खोल चर आणि पाठीमागे हिमाची शेपटी. आणि त्यांच्या आसपास मैलोनमैल निळा बर्फ. निळा म्हणजे खरोखर निळा, शर्टाच्या निळीसारखा. डोंगरांमुळे वाऱ्याला भोवरे आणि वेग मिळतो, तो हिम टिकूच देत नाही, वर बर्फाचा थरही थेट वाफ होऊन उडतो. वरून काही साठत नाही, खालचा जुना बर्फ मात्र वर येत राहतो. आमच्या जवळची रशियन धावपट्टी अशाच निळ्या बर्फावर आहे, तिथे चाकांची मोठी मालवाहू विमानं उतरतात. हिम असतं तर चाकं रुतली असती.

याच कारणाने त्या निळ्या पट्ट्यांवर उल्का सापडतात. 1969 मध्ये जपानी तुकडीला यामातो डोंगरांपाशी एका जागी नऊ मिळाल्या. हजारो वर्षं बर्फात गाडलेले दगड, बर्फ वरून झिजत गेला तसे उघडे पडले. तेव्हापासून अंटार्क्टिकात चाळीस हजारांहून जास्त उल्का गोळा झाल्यात. एका ठिकाणी हिम न साठण्याचा हा फायदा.

आता खरी मेख. वाईकर म्हणतात, डोंगर आहेत कुठे. अहो, बर्फच डोंगर आहे! अंटार्क्टिकाचा बर्फ सरासरी दोन किलोमीटर जाड, सगळ्यात उंच जागा डोम ए, 4,093 मीटर. समुद्रावरून आलेल्या हवेला हा सगळा चढ चढायचा असतो. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्येच तिची पोतडी रिकामी होते. आत पोचते ती हवा इतकी गार, की तिच्यात ओल मावतच नाही. व्होस्तोकचं वर्षाचं सरासरी तापमान उणे 55 अंश. तिथे धड हिम पडतही नाही, स्वच्छ आकाशातून बारीक चमकणाऱ्या सुया झिरपत असतात, उन्हात जरीच्या कणांसारख्या. तेच त्यांचं वर्षाचं पीक. म्हणजे घाट एकच, पण तो हजार किलोमीटर रुंद आहे आणि त्याला पलीकडचा उतार आपल्याला दिसतच नाही.

आणि याच डोंगरावरून वारा उलटाही वाहतो. वरची हवा गार पडून जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी खाली घसरते. कॅटाबॅटिक वारा. ऑस्ट्रेलियाच्या मॉसन या संशोधकाची तुकडी 1912-13 मध्ये अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर केप डेनिसनला राहिली, तिथे वर्षभराची सरासरी ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास. वादळातला आकडा नव्हे, सरासरी. उतार जितका तीव्र तितका वारा जोरात, तितकं हिम कमी टिकतं.

लांबलं. गाडी काढायला आम्हाला सहा तास लागले. पुढच्या वेळी उघड्यावर, नाक वाऱ्याकडे करून लावली. इंजिनात हिम शिरू नये म्हणून आधी सगळ्या जाळ्या झाकल्या, ती वेगळी कथा.

सह्यभटक

दादा, मान्य. माघार घेतो. एक खुसपट मात्र काढतो: उतार जास्त म्हणून हिम कमी, असं म्हणता. पण ओला वारा चढ चढताना हिम जास्त टाकतो असं मी म्हटलं होतं. दोन्ही खरं कसं?

डिझेलदादा

दोन्ही खरं, कारण वारे दोन आहेत. वादळाचा वारा समुद्रावरून येतो आणि टाकतो. उतरणीचा वारा आतून येतो आणि पळवतो. किनाऱ्याजवळ पहिल्याची सत्ता, आत गेलं की दुसऱ्याची.

किनाऱ्याजवळचं उदाहरण आमच्या अंगणातलंच आहे. मैत्रीच्या उत्तरेला निव्लिसेन नावाचा तरंगता बर्फपट्टा आहे. जहाज त्याच्या कडेला लागतं, तिथून सामान शंभरेक किलोमीटर ओढत आणायचं. त्या पट्ट्याच्या आजूबाजूला बर्फाचे बुटके घुमट आहेत, खालच्या समुद्रतळावर बर्फ टेकल्यामुळे झालेले, दोन-तीनशे मीटर उंच. दुरून बघाल तर क्षितिजाला जरासा फुगवटा, बस. पण वादळं पूर्वेकडून येतात, म्हणून घुमटाच्या पूर्व अंगावर हिमाचे थर जाड आणि पश्चिमेला पातळ. इथल्या घुमटांवर गोव्यातल्या आपल्या ध्रुवीय संशोधन केंद्राने नॉर्वेवाल्यांबरोबर रडारने थर मोजलेत. ऑस्ट्रेलियन लोकांच्या केसी ठाण्याजवळ लॉ डोम आहे, 1,395 मीटरचा. त्याच्या पूर्वेला पश्चिमेच्या दुपटीहून जास्त साठतं. वाई आणि महाबळेश्वर म्हणायला हरकत नाही, फक्त मध्ये पसरणी घाटाची वळणं नाहीत. तुम्ही चालत जाल आणि चढताय हे पायांना कळणारही नाही.

वाईकर78

दादा, फारच भारी. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली, गाडी आडोशाला लावणारा माणूस आपल्याकडे दर पावसाळ्यात नवा निघतो.

पण आता माझी अडचण वाढली. किनाऱ्याचं कळलं, डोंगराच्या टोकाचं कळलं. आतमध्ये, जिथे ना घुमट ना कातळ, तिथे तरी सारखं साठत असेल? शेकडो किलोमीटर सपाट, वारा एकाच दिशेचा.

कोअरवाली

नाही, आणि तिथेच सगळ्यात गंमत आहे. (अनेक वर्षं बर्फाच्या गाभ्यांच्या, म्हणजे खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या लांब दांड्यांच्या, थरांची मोजणी हेच काम. अंटार्क्टिकाला एकदाच गेले, बाकी सगळं काम उणे वीस अंशाच्या खोलीत, हातमोजे घालून.)

ते ‘सपाट’ सपाट नसतं. बर्फ वाहतो, खालच्या खडकावरून घासत जातो. खाली दोन किलोमीटरवर एखादी टेकडी असेल तर वर पृष्ठभागावर तिची पुसट सावली उमटते: पाच-दहा किलोमीटर लांबीची लाट, दहा-वीस मीटर उंचीची. किलोमीटरमागे दोन-तीन मीटरचा फरक. डोळ्यांना दिसत नाही. वाऱ्याला दिसतो. उतार किंचित वाढला की वारा किंचित वेग घेतो आणि हिम उचलतो. उतार मावळला, खळगा आला, की टाकतो. रडारच्या चित्रात हे थर बघितले की एकाच वर्षीचा थर काही किलोमीटरमध्ये जाड-पातळ-जाड होत जाताना दिसतो, साडीच्या निऱ्यांसारखा.

थोडक्यात, लाखो वर्षं कुणी न बघितलेला खडक आज वर किती हिम साठायचं ते ठरवतोय. याचा सगळ्यात सुंदर उलटा पुरावा व्होस्तोकपाशीच आहे. ठाण्याखाली सुमारे 250 किलोमीटर लांबीचं तळं आहे. पाण्यावर बर्फ तरंगतो, त्याला खडक लागत नाही, म्हणून वरचा पृष्ठभाग तेवढ्याच आकारात सपाट झालाय. उपग्रहाने उंची मोजली तेव्हा तळ्याचा आकारच वर उमटलेला दिसला.

दुसरी टोकाची जागा म्हणजे झिलई आलेले पट्टे. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर जिथे उतार जरा जास्त आणि वारा सतत, तिथे कित्येक वर्षं हिम अजिबात साठत नाही. पृष्ठभाग पॉलिश केलेल्या शहाबादी फरशीसारखा, मध्ये बारीक भेगा. खालचे कण वाफेने एकमेकांत मिसळून ज्वारीच्या दाण्यासारखे जाड होतात. पठाराचा दहा टक्क्यांच्या आसपास भाग असा आहे. जुन्या नकाशांत तिथे हिम साठतं असंच धरलं होतं. सगळ्या अंटार्क्टिकावर दरवर्षी साठणारं हिम समुद्राच्या पातळीत मोजलं तर सुमारे 6 मिलिमीटर भरतं, त्यामुळे दहा टक्के पठाराचा हिशोब चुकणं म्हणजे किरकोळ गोष्ट नाही.

वाईकर78

ताई, एक बाळबोध शंका. खळग्यात हिम साठतं म्हणता. मग शे-दोनशे वर्षांत खळगा भरून सगळं सपाट का होत नाही? माझ्या दुकानासमोरचा खड्डासुद्धा गाळाने भरतो. (डांबराने नाही भरत, ते सोडा.)

कोअरवाली

बाळबोध अजिबात नाही, यावर लोकांनी बरीच डोकेफोड केलीय.

खळगा भरतच असतो, पण खड्डा जागेवर आणि रस्ता चालू, अशी स्थिती आहे. खालची टेकडी हलत नाही, वरचा बर्फ पुढे सरकत राहतो. भरलेला भाग पुढे निघून जातो, मागून आलेल्या बर्फाला टेकडी पुन्हा तोच आकार देते. नदीत दगडावरून पाणी जाताना एकाच जागी उभी राहिलेली लाट पाहिली असेल. पाणी बदलतं, लाट तिथेच.

आणि काही ठिकाणी तर लाटा खडकाशिवाय, वाऱ्यानेच तयार होतात. त्यांना महाटिंबे म्हणू या, वाळूच्या टेकड्यांसारखे पण हिमाचे. दोन ते पाच किलोमीटरवर एक टिंबा, उंची जेमतेम दोन ते आठ मीटर, लांबी मात्र शंभर किलोमीटरपर्यंत. जमिनीवर उभं राहून दिसत नाहीत, उपग्रहाच्या चित्रांत पाच लाख चौरस किलोमीटरहून जास्त भागावर दिसतात. राजस्थानातला वाळूचा टिंबा वाऱ्याबरोबर पुढे सरकतो. हे टिंबे वाऱ्याच्या विरुद्ध सरकतात! वाऱ्याकडच्या अंगावर वारा मंदावतो, तिथे हिम साठतं. पलीकडच्या उतारावर तो वेग घेतो, तिथे झिलई येते आणि काहीच साठत नाही. मग टिंबा वाढतो तो येणाऱ्या वाऱ्याच्या बाजूने. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी आकृती उलटी छापलीय असं समजले होते.

माझ्या कामात याचा फार जाच होतो. गाभ्यात एखादा थर जाड दिसला की वाटतं, त्या काळी हिम जास्त पडलं असेल, हवामान उबदार असेल. पण दक्षिण ध्रुवावरचा बर्फ वर्षाला दहा मीटर सरकतो. ध्रुवाची खूण म्हणून रोवलेला खांब दरवर्षी 1 जानेवारीला उचलून पुन्हा जागेवर लावावा लागतो. म्हणजे खोलवरचा थर मुळात इथे पडलेलाच नाही, तो कित्येक किलोमीटर मागे पडलाय, कदाचित एखाद्या खळग्यात. जाडी हवामानाची नसून खळग्याची. 2014 ते 2016 मध्ये ध्रुवावर 1,751 मीटरचा गाभा काढला, त्यात हाच गुंता सोडवायला मागच्या वाटेवर रडार फिरवून आज तिथे कुठे किती साठतं ते बघावं लागलं.

म्हणून गाभा शक्यतो घुमटाच्या माथ्यावर घेतात. माथ्याला उतार नाही, वाहणं जवळजवळ नाही, वारा मंद. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर डोम सी नावाचा घुमट आहे, तिथे वर्षाला तीनेक सेंटिमीटर पाण्याइतकंच साठतं, म्हणून तिथे 8 लाख वर्षं मावली. पश्चिम अंटार्क्टिकाच्या जलविभाजकावर, म्हणजे जिथून बर्फ दोन बाजूंना वाहतो त्या कण्यावर, 3,405 मीटर खोल गेले तरी 68 हजार वर्षंच मिळाली, कारण तिथे हिम भरपूर. पण तिथे एकेक वर्ष वेगळं मोजता येतं. मला विचाराल तर जास्त वर्षांपेक्षा सुटी मोजता येणारी वर्षं बरी. पण वर्तमानपत्रात बातमी नेहमी लाखांचीच येते.

सह्यभटक

मग एखाद्या जागी किती साठतं हे मोजायचं कसं? पर्जन्यमापक तर वाऱ्यातच निकामी होत असेल.

डिझेलदादा

पूर्ण निकामी. डब्यात पडणारं हिम वरून आलंय की बाजूच्या गल्लीतून, ते डब्याला काय कळणार.

काठ्या. बांबूच्या साध्या काठ्या. भूवैज्ञानिक मंडळींना मी गाडीतून घेऊन जायचो. ठराविक अंतरावर रोवलेल्या काठ्या, दर वर्षी वर किती उरली ते मोजायचं. गेल्या वर्षी दीड मीटर वर होती, यंदा एक मीटर, म्हणजे अर्धा मीटर साठलं. मग खणून त्या हिमाचं वजन घ्यायचं, कारण वाऱ्याने दाबलेलं हिम आणि ताजं हिम यांत कापूस आणि सतरंजीइतका फरक. ऐकायला सोपं. धुक्यासारख्या पांढऱ्या उजेडात, जमीन-आकाश एक झालेलं असताना, पाचशे मीटरवरची काठी शोधून दाखवा!

पण एका काठीवर भरवसा ठेवायचा नाही. वारा हिमावर सास्त्रुगी कोरतो, टणक धारदार कंगोरे, नांगरटीत पाऊस पडून वाळल्यावर ढेकळं होतात तसे. गाडीचे पट्टे त्यावरून जाताना दाढा खिळखिळ्या होतात. तुमच्या काठीपाशी कंगोरा आला तर वाटतं खूप साठलं, वीस पावलांवर दुसरी काठी सांगते काहीच नाही.

कोअरवाली

दादांचा मुद्दा पठारावर आणखी बोचतो. तिथे वर्षाचं हिम आठ-दहा सेंटिमीटर, आणि सास्त्रुगी वीस-तीस सेंटिमीटर उंच. त्यामुळे एखाद्या जागी पूर्ण वर्षच गायब असतं. वारा ते घेऊन गेला. गाभ्यात 1973 नंतर थेट 1975, असं होऊ शकतं. म्हणून व्होस्तोकसारख्या ठिकाणी काठ्यांचं अख्खं शेतच लावतात आणि सगळ्यांची सरासरी काढतात.

वाईकर78

वर्ष चोरीला जातं हे आवडलं. इन्कम टॅक्सवाल्यांना सांगून बघतो.

शेवटचं विचारतो. वारा आडोशाला हिम टाकतो, तर तिथली ठाणी स्वतःच गाडली जात नाहीत का? इमारत म्हणजे मोठा कंटेनरच की.

डिझेलदादा

जातात ना. आपलं पहिलं ठाणं दक्षिण गंगोत्री, 1983-84 मध्ये तरंगत्या बर्फपट्ट्यावर बांधलं. सपाट जागेत तेवढाच एक अडथळा. हिम साठत गेलं, ठाणं गाडलं गेलं, आणि काही वर्षांत तिथून मुक्काम हलवावा लागला. मैत्री म्हणून मुद्दाम शिर्माकरच्या उघड्या खडकावर आहे. बाजूला दक्षिणेला बर्फाचा प्रचंड चढ, उत्तरेला बर्फपट्टा, आणि मध्ये हा पस्तीसेक चौरस किलोमीटरचा कातळ कोरडा. वारा इथे हिम ठरू देत नाही. खडकांच्या खाचांत, वाऱ्याच्या मागच्या अंगाला तेवढे पांढरे ठिगळ.

इंग्रजांचं हॅली ठाणं एकामागून एक गाडलं गेलं, शेवटी सहावं त्यांनी पायांना स्की लावून बांधलं, ओढून नेता येईल असं. जर्मनांचं ‘नॉयमायर-3’ ठाणं हायड्रॉलिक जॅकवर आहे, हिम वाढलं की इमारत उचलतात. गॅरेजमधली कल्पना, मला फार आवडते. दक्षिण ध्रुवावरचं अमेरिकन ठाणं आणि आपलं लार्समन टेकड्यांवरचं भारतीही खांबांवर उचललेलं, म्हणजे वारा खालून निसटतो, वेग घेतो आणि हिम झाडून नेतो. माझ्या कंटेनरला पाय असते तर मी ती रात्र झोपलो असतो.

आणि ड्रम. डिझेलचे ड्रम बर्फावर ठेवायचे तर वाऱ्याला आडवी एकेरी रांग करायची, मध्ये अंतर सोडून, दोन्ही टोकांना बांबूवर झेंडे. वाऱ्याच्या दिशेने एकामागे एक लावलेत तर पहिला ड्रम बाकी सगळ्यांना गाडतो. झेंडा लांब बांबूवर लावायचा. पहिल्या वर्षी मी हातभर काठीवर लावला होता.

वाईकर78

ते ड्रम सापडले का?

डिझेलदादा

सोळा होते. बारा सापडले.